कंपन्यांच्या पैशाऐवजी लहान देणग्यांवर निवडणुका लढवता येतील का?

मैत्रेयी

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, देणाऱ्याचे नाव उघड न होता पक्षांना देणगी देण्याची निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर असलेली सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली होती. ती दुरुस्तीही त्याच निकालाने रद्द झाली. नंतर प्रसिद्ध झालेल्या यादीत सर्वांत मोठी खरेदीदार फ्युचर गेमिंग ही लॉटरी व्यवसायातील कंपनी निघाली आणि तिच्या रोख्यांची रक्कम १,३६८ कोटी रुपये होती. रोखे एक हजार रुपयांचेही मिळत असत. तरीही विकल्या गेलेल्या रोख्यांच्या एकूण मूल्यात एक कोटी रुपयांच्या रोख्यांचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता.

कंपन्यांचा पैसा कसा येतो आणि त्या बदल्यात काय मागितले जाते, यावर निकालानंतर पुष्कळ लिहिले गेले. तो पैसा नको असेल तर प्रचाराचा खर्च कोणी उचलायचा, यावर मात्र फार कमी बोलले जाते. माझे मत असे आहे की तो मतदारांनीच उचलला पाहिजे. एक लाख माणसांकडून शंभर-शंभर रुपये घेणारा उमेदवार त्यांपैकी कोणा एकाच्या उपकाराखाली राहत नाही; एका माणसाकडून एक कोटी घेणारा राहतो. पण हे व्यवहारात उतरते का? कोणी असा निधी गोळा केला असेल, हिशेब पाहिले असतील किंवा इतर देशांतील पद्धती जवळून माहीत असतील, तर कृपया सविस्तर लिहावे.

शोधयात्री

विषय महत्त्वाचा आहे. थोडा इतिहास आधी मांडतो, कारण कंपन्यांच्या देणग्या बंद करण्याचा प्रयोग आपल्याकडे एकदा झालेला आहे. १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठवली गेली. मधल्या काळात निवडणुका थांबल्या नाहीत, त्यांचा खर्चही घटला नाही, आणि उद्योगपतींनी पैसे देणेही थांबवले नाही. जो पैसा धनादेशाने येत होता तो रोखीने येऊ लागला. बंदी घालणाऱ्यांनी पर्यायी निधीची कोणतीही व्यवस्था केली नव्हती. त्यामुळे ज्या प्रश्नावर आपण हा धागा काढला आहे, तो प्रश्न त्या वेळी विचारलाच गेला नाही, असे मला वाटते.

लोकवर्गणीची परंपरा मात्र आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवण्याचे लक्ष्य ठेवले गेले आणि ते ठरलेल्या मुदतीत गाठले गेले. त्यात गावोगावच्या लहान रकमा होत्या, तशा मुंबईतील धनिकांच्या मोठ्या देणग्याही होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तटस्थ

चळवळीला पैसे देणे आणि निवडणुकीला पैसे देणे यांत फरक आहे. स्वराज्याच्या फंडाला देणाऱ्यासमोर एकच ध्येय होते. निवडणुकीत पाच उमेदवार पाच दारांवर येतात आणि बहुतेक नागरिकांचा त्यांपैकी एकावरही पुरेसा विश्वास नसतो.

जमाखर्च

मी लेखापरीक्षणाच्या क्षेत्रात आहे आणि राजकीय देणग्यांच्या नोंदींशी माझा कामाच्या निमित्ताने संबंध आला आहे. मैत्रेयी यांच्या मूळ मताशी मी सहमत आहे. पण 'लहान देणगी' असे ज्याला कागदोपत्री म्हटले जाते ती सामान्य माणसाने दिलेली देणगी असते, असे गृहीत धरू नये.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ क प्रमाणे २०,००० रुपयांपेक्षा अधिक देणगी देणाऱ्यांची नावे पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावी लागतात. त्याखालील रकमांच्या देणगीदारांची यादी द्यावी लागत नाही. एका राष्ट्रीय पक्षाने तर वर्षानुवर्षे असे जाहीर केले की त्याला २०,००० रुपयांवरची एकही देणगी मिळालेली नाही. ते अक्षरशः खरे असेलही, पण तपासण्याचा कोणताच मार्ग बाहेरच्या माणसाकडे नाही. एकच मोठी रक्कम अनेक नावांवर तुकडे करून दाखवता येते, किंवा नावे न घालताच मोघम शीर्षकाखाली जमा धरता येते. २०१७ पासून २,००० रुपयांवरची रोख देणगी घेतल्यास पक्षाला त्या उत्पन्नावर आयकर सवलत मिळत नाही. त्याचा परिणाम एवढाच होऊ शकतो की तुकडे आणखी बारीक होतात.

दुसरी बाब करसवलतीची. व्यक्तीने पक्षाला दिलेली देणगी आयकर कायद्याप्रमाणे उत्पन्नातून वजा होते (१९६१ च्या कायद्यात हे कलम ८० जीजीसी). लहान देणगीदाराला उत्तेजन मिळावे, हा त्यामागील हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात या कलमाचा आधार घेऊन काही नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांनी देणगी घेऊन, थोडा हिस्सा कापून, उरलेली रक्कम देणाऱ्याला रोखीने परत करण्याचा धंदा केला, आणि आयकर विभागाला त्यांच्यावर कारवाई करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने ३३४ नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढले. कारण त्यांनी अनेक वर्षे निवडणूकच लढवलेली नव्हती आणि दिलेल्या पत्त्यांवर त्यांची कार्यालये आढळली नाहीत. शिवाय ही सवलत ज्याला आयकर भरावा लागतो त्यालाच उपयोगी, आणि नव्या कररचनेत गेलेल्यांना तीही नाही. ज्याच्या शंभर रुपयांबद्दल आपण इथे बोलत आहोत, त्याला कायदा काहीच देत नाही.

म्हणून देणगी किती लहान आहे यापेक्षा ती खरोखर किती वेगवेगळ्या माणसांकडून आली, हे मोजण्याची सोय आधी हवी. रकमेची सरासरी कोणीही खाली आणू शकतो. हजारो खऱ्या माणसांच्या बँक खात्यांतून आलेल्या नोंदी तयार करणे मात्र फार अवघड असते.

निशिगंधा

मी एका अपक्ष उमेदवारासाठी नगरपालिकेच्या निवडणुकीत पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरले आहे. तटस्थ यांनी विश्वासाचा मुद्दा काढला आहे, म्हणून त्या अनुभवातील काही गोष्टी लिहिते.

पैसे मागायला गेल्यावर लोक पहिल्यांदा उमेदवाराविषयी विचारत नाहीत. आधीच्या नगरसेवकाने काय केले नाही ते सांगतात. ते ऐकून घ्यावे लागते. मत मागायला आलेला कार्यकर्ता पत्रक देऊन पुढे जातो, पण वर्गणी मागायला आलेल्याला थांबून उत्तरे द्यावी लागतात. ज्या घरांतून पन्नास-शंभर रुपये मिळाले, त्या घरांतील माणसे पुढे प्रचारफेरीला आली, मतदानाच्या दिवशी बूथवर बसली, आणि निकालानंतर जमाखर्चाचा कागद पाहायलाही आली. उमेदवार निवडून आले नाहीत. तरीही त्यांनी प्रभागातल्या सर्वांपुढे हिशेब वाचून दाखवला, आणि पराभवानंतर असे करणारा उमेदवार मी तोवर पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट भीतीची. अनेकांनी पैसे दिले पण पावती नको म्हणाले, किंवा पावतीवर नाव लिहू नका म्हणाले. छोटा व्यवसाय करणाऱ्यांना परवान्याची चिंता होती, भाड्याने राहणाऱ्यांना घरमालकाची. नाव लिहायचे नसेल तर पैसे घेता येणार नाहीत, असे आम्ही ठरवले होते आणि त्यामुळे बरीच वर्गणी सोडून द्यावी लागली. जमाखर्च म्हणतात तसे खऱ्या माणसांची मोजणी हवी, हे मान्य आहे. पण ती यादी सर्वांसाठी उघडी झाली तर ज्यांच्यासाठी हे सारे करायचे तेच मागे सरतील.

शोधयात्री

निशिगंधा यांचा मुद्दा रोख्यांच्या निकालातही आलेला आहे. नागरिकाची राजकीय निष्ठा ही त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण हे संरक्षण खऱ्या राजकीय पाठिंब्यासाठी आहे, धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी दिलेल्या मोठ्या रकमांसाठी नाही, असा भेदही केला. कंपन्यांच्या देणग्या हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यावसायिक व्यवहार असतो, असे निकालाचे म्हणणे आहे. तेव्हा लहान देणगीदाराचे नाव आयोगाकडे पोहोचावे पण प्रसिद्ध होऊ नये, आणि मोठ्याचे नाव ताबडतोब प्रसिद्ध व्हावे, ही मांडणी निकालाच्या तत्त्वाशी सुसंगत ठरेल.

दूरदेशी

मी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो, म्हणून तिथले लिहितो. तिथे कंपन्यांनी राष्ट्रीय निवडणुकांतील उमेदवारांना थेट देणगी देण्यावर १९०७ पासून बंदी आहे. असे असूनही त्या देशाचे नाव कंपन्यांच्या पैशाच्या संदर्भात सर्वांत आधी घेतले जाते, कारण जानेवारी २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांना आणि संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा प्रचारखर्च करण्याची मुभा दिली. त्यातून सुपर पॅक नावाच्या समित्या निघाल्या आणि त्यांना देणगीची कमाल मर्यादाच नाही.

याच काळात लहान देणग्यांचा प्रवाहही प्रचंड वाढला. २००४ मध्ये सुरू झालेल्या ॲक्टब्लू या संकेतस्थळामुळे काही क्षणांत पाच-दहा डॉलर देणे शक्य झाले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी वीस कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आणि २७ डॉलर ही सरासरी देणगी त्यांच्या भाषणांतून सर्वतोमुखी झाली. ते उमेदवारी हरले, पण पैशाअभावी हरले नाहीत. मोठ्या देणगीदारांच्या दारात न जाता राष्ट्रीय पातळीवर टिकून राहता येते, एवढे त्यांनी निर्विवाद दाखवून दिले. मैत्रेयी यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच मी 'होय' असे देईन.

रानवाट

दूरदेशी, मी आपल्याशी असहमत आहे, आणि त्याची कारणे आपण दिलेल्या देशातूनच देतो.

लहान देणगी कोण देतो? ज्याच्या भावना तीव्र आहेत तो. २०२१ च्या सुरुवातीला रिपब्लिकन पक्षाच्या प्रतिनिधी मार्जोरी टेलर ग्रीन यांना त्यांच्या प्रक्षोभक वक्तव्यांमुळे प्रतिनिधिगृहाने समित्यांवरून काढले, आणि त्याच तिमाहीत त्यांच्याकडे ३२ लाख डॉलर जमा झाले, तेही बहुतांशी लहान रकमांतून. समितीत बसून शांतपणे विधेयकावर काम करणाऱ्या प्रतिनिधीला असा निधी मिळत नाही, कारण त्याचे काम कोणाच्या नजरेसच येत नाही. दुसऱ्या बाजूचेही उदाहरण घ्या. २०२० मध्ये साउथ कॅरोलायनात सिनेटच्या जागेसाठी लढणारे डेमोक्रॅटिक पक्षाचे जेमी हॅरिसन यांनी दहा कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला आणि ते सुमारे दहा टक्क्यांनी हरले. त्यातील मोठा भाग राज्याबाहेरून आला होता. देणाऱ्यांना हॅरिसन यांच्या मतदारसंघाविषयी काही वाटत होते म्हणून नव्हे, तर समोरच्या उमेदवाराविषयी संताप होता म्हणून.

शिवाय मागण्याची पद्धत पाहा. रोज संदेश, रोज संकट, रोज शेवटची मुदत. २०२० च्या अध्यक्षीय प्रचारात ऑनलाइन अर्जावर आधीच खूण केलेली चौकट ठेवून लोकांच्या नकळत पुन्हा पुन्हा रक्कम कापली गेली. त्यांत वृद्ध आणि निवृत्त माणसे होती, आणि नंतर कोट्यवधी डॉलर परत करावे लागले. कंपनी मोबदला मागते हे खरे आहे. पण संतापलेला जमावही मोबदला मागतो, आणि तो तडजोड न करण्याचा असतो. लोकशाहीला दोन्हींपासून धोका आहे.

अभंगवाट

रानवाट यांच्या प्रतिसादातील दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात असे वाटते. फसवणूक करून पैसे कापणे हा अपराध आहे आणि त्याला नियमाने आळा घालता येतो. अमेरिकेच्या निवडणूक आयोगाने तशा चौकटींवर बंदी घालण्याची शिफारसही केली होती. तीव्र भावनेचा मुद्दा खरा आहे. पण तीव्र भावना असलेला माणूस मतही देतो, सभेलाही जातो, आणि ते आपण त्याच्याकडून काढून घेत नाही. अडचण देशभरातून, मतदारसंघाबाहेरून येणाऱ्या पैशाची आहे. निशिगंधा यांनी वर्णन केलेली वर्गणी प्रभागातल्याच माणसांची होती, आणि म्हणूनच तिच्याबरोबर प्रश्न, श्रम आणि हिशेबाची मागणीही आली.

मैत्रेयी

अभंगवाट, हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो. मतदारसंघातील देणगीदारांना अधिक वजन मिळेल अशी व्यवस्था कुठे आहे का?

दूरदेशी

आहे. न्यूयॉर्क शहरात १९८८ पासून जोडनिधीची पद्धत आहे. शहरात राहणाऱ्या नागरिकाने दिलेल्या लहान देणगीच्या पटीत शहराच्या तिजोरीतून उमेदवाराला रक्कम मिळते. सध्या हे प्रमाण एकास आठपर्यंत जाते. महापौरपदासाठी लढणाऱ्याला शहरातील रहिवाशाच्या पहिल्या २५० डॉलरपर्यंतच हा लाभ मिळतो, शहराबाहेरच्या देणगीवर काहीच मिळत नाही. त्या बदल्यात खर्चाची कमाल मर्यादा पाळावी लागते आणि कडक तपासणीला सामोरे जावे लागते. दहा डॉलर देणाऱ्याचे मोल नव्वद डॉलर होते, त्यामुळे उमेदवाराला गरीब वस्तीत जाऊन वेळ घालवणे परवडते. २०२५ च्या महापौरपदाच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत झोहरान ममदानी यांनी खर्चाची मर्यादा गाठण्याइतका निधी जमताच समर्थकांना देणग्या थांबवण्याची विनंती केली होती. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने एका सुपर पॅकने दोन कोटी डॉलरहून अधिक जमवले होते, तरी ती लढत ममदानी जिंकले.

सिॲटल शहराने याहून पुढचे पाऊल टाकले. २०१५ च्या सार्वमताने तिथे लोकशाही व्हाउचर आले. पात्र रहिवाशाला प्रत्येकी २५ डॉलरचे चार व्हाउचर मिळतात आणि ते तो आपल्या पसंतीच्या स्थानिक उमेदवाराला देऊ शकतो. खिशातून काहीच द्यावे लागत नसल्याने, जमाखर्च यांनी सांगितलेला करसवलतीचा पक्षपात इथे उरत नाही. पहिल्या वर्षी फारच थोड्या रहिवाशांनी ते वापरले, हे खरे. पण २०१९ मध्ये ॲमेझॉनने शहरातील नगर परिषदेच्या निवडणुकीत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम ओतली, तेव्हा त्या पैशाचा पाठिंबा मिळालेले बहुतेक उमेदवार पराभूत झाले.

तटस्थ

म्हणजे शेवटी करदात्याचाच पैसा. ज्या उमेदवाराचे विचार मला घातक वाटतात त्याच्या प्रचारासाठी माझ्या करातून पैसे का जावेत? ब्राझीलचे उदाहरण पाहा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या. त्यानंतर २०१७ मध्ये संसदेने सरकारी निवडणूक निधी निर्माण केला, आणि २०१८ मध्ये १७० कोटी रेआल असलेला तो निधी २०२२ मध्ये ४९० कोटींवर गेला. त्याचा मोठा वाटा आधीच मोठ्या असलेल्या पक्षांना मिळतो, आणि पक्षातील कोणत्या उमेदवाराला किती द्यायचे हे पक्षाचे नेते ठरवतात. कंपन्यांच्या मर्जीतून सुटका झाली, पण पक्षनेतृत्वाची पकड आणखी घट्ट झाली.

शोधयात्री

ब्राझीलचा आक्षेप योग्य आहे. तिथे मोठ्या चुकीचे मूळ असे की निधीचा लोकांच्या देणग्यांशी संबंधच जोडला नाही. पक्षाला नागरिकांकडे जाण्याची गरज उरली नाही. जर्मनीत हा संबंध जोडलेला आहे. तिथे पक्षाला मिळालेल्या मतांवर काही रक्कम मिळते, आणि सदस्य-वर्गणी व व्यक्तींच्या देणग्यांवर प्रत्येक युरोमागे ४५ सेंट मिळतात, तेही एका व्यक्तीच्या वर्षाला ३,३०० युरोपर्यंतच्याच रकमेवर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरकारी मदत पक्षाने स्वतः उभ्या केलेल्या उत्पन्नापेक्षा अधिक असू शकत नाही. तिथे कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी नाही. पण त्या देणग्यांवर सरकारी जोड मिळत नाही.

पण मला सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वाटते. तिथे १९७७ पासून कंपन्यांना देणगी देण्यास मनाई आहे आणि केवळ मतदारच देणगी देऊ शकतात. अनेक वर्षे हा कायदा आदर्श मानला गेला. पुढे शार्बोनो आयोगाच्या चौकशीत, २०११ ते २०१५ या काळात, हे उघड झाले की बांधकाम आणि अभियांत्रिकी कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या नावाने धनादेश देववत आणि ती रक्कम त्यांना परत करत. त्या पैशामागे सार्वजनिक कामांची कंत्राटे होती. जमाखर्च यांनी सांगितलेली तुकड्यांची युक्ती हीच. त्यावर क्वेबेकने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे: व्यक्तीच्या देणगीची वार्षिक मर्यादा १,००० डॉलरवरून थेट १०० डॉलरवर आणली, आणि सार्वजनिक निधी वाढवला. शंभर डॉलरच्या मर्यादेत कंपनीला लक्षणीय रक्कम घुसवायची तर इतकी माणसे सामील करावी लागतात की गुपित राहणे कठीण होते.

दक्षिण कोरियाचेही एक सांगतो. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रोह मू-ह्यून यांच्या समर्थकांनी डुकराच्या आकाराच्या गल्ल्यांमध्ये नाणी साठवून निधी दिला आणि ते निवडून आले. नंतरच्या चौकशीत दिसले की विरोधी पक्षाने उद्योगसमूहांकडून रोकड ट्रक भरून घेतली होती, आणि रोह यांच्या गोटानेही, तुलनेने कमी का होईना, कंपन्यांचा बेकायदा पैसा घेतला होता. म्हणजे एवढे गल्ले जमले तरी दुसरे दार उघडेच होते. २००४ मध्ये तिथे कंपन्यांच्या व संघटनांच्या देणग्या कायद्याने बंद झाल्या, आणि एक लाख वॉनपर्यंतची देणगी करातून पूर्णपणे वळती करून मिळण्याची सोय झाली.

रानवाट

क्वेबेकचे उत्तर मला पटले. देणगीची मर्यादा इतकी खाली असेल, तर संतापाच्या लाटेवरही एका उमेदवाराकडे अफाट पैसा गोळा होणार नाही. माझा आक्षेप अमर्याद बेरजेला होता.

जमाखर्च

आता खर्चाच्या बाजूकडे यायला हवे, कारण आपण सर्व जण जमेबद्दलच बोलत आहोत. लोकसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपये आहे, पण पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या खात्यात धरावा असे म्हटले होते. लगेच कायद्यात स्पष्टीकरण घालून तो वगळला गेला. २००३ मध्ये ही सूट नेत्यांच्या प्रवासखर्चापुरती आखडली, तरी पक्षाच्या एकूण खर्चाला आजही वरची सीमा नाही. अशा स्थितीत लहान देणग्यांवर लढणारा उमेदवार स्वतः मर्यादा पाळत असला तरी समोरच्या पक्षाची विमाने, जाहिराती आणि समाजमाध्यमांवरील यंत्रणा यांच्याशी त्याची बरोबरी होत नाही. पंच्याण्णव लाखांची वर्गणी एका मतदारसंघातून जमवणे मी अशक्य मानत नाही. लोकसभेच्या मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात. त्यांतील पाच टक्क्यांनी शंभर रुपये दिले तरी तेवढी रक्कम जवळपास उभी राहते. ती अपुरी ठरते ती अमर्याद खर्चासमोर.

तटस्थ

पाच टक्के मतदार देणगी देतील हे गृहीतक फार आशावादी आहे. मात्र पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी, यावर माझा काहीच आक्षेप नाही.

मैत्रेयी

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते. चर्चा वाचल्यावर माझे मत बदलले नाही, पण त्याचा भर बदलला. केवळ आवाहन करून लहान देणग्या वाढणार नाहीत आणि वाढल्या तरी पुरणार नाहीत. पक्षखर्चावर मर्यादा, व्यक्तीच्या देणगीवर खालची मर्यादा आणि मतदारसंघातील देणगीला जोडनिधी, या गोष्टी एकत्र आल्या तरच शंभर रुपयांना अर्थ येईल. तटस्थ यांचा करदात्याच्या पैशाबद्दलचा आक्षेप मला अजून छळतो. मला वाटते की निवडून आलेल्यांनी कंपन्यांच्या देणग्यांची परतफेड कंत्राटे, सवलती आणि सैल केलेल्या नियमांतून केली, तर ती करदात्याच्याच खिशातून होते, आणि तिचा हिशेब कोणी मांडत नाही. तरीही सर्व काही एकदम होणार नाही. आपल्याकडे सुरुवात कोणत्या पातळीवरून करावी?

निशिगंधा

महानगरपालिका आणि नगरपालिका, असे माझे उत्तर आहे. प्रभाग लहान असतो, देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, आणि खर्चाची मर्यादा जमवता येण्याजोगी असते. न्यूयॉर्क आणि सिॲटल या दोन्ही ठिकाणीही हे शहराच्या पातळीवरच झाले. एखाद्या राज्याने एका महानगरपालिकेत जोडनिधीचा प्रयोग करून पाहिला, तर तुलनेने थोड्या रकमेत तो होईल आणि त्यातील पळवाटाही लवकर कळतील.

जमाखर्च

सहमत, एका दुरुस्तीसह. जोडनिधी मागील निवडणुकीच्या मतांवर ठरवू नये. १९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी साहाय्य वस्तुरूपाने आणि केवळ मान्यताप्राप्त पक्षांना द्यावे असे सुचवले होते, अपक्षांना नाही. त्या सूत्राने निशिगंधा यांच्या उमेदवाराला एक रुपयाही मिळाला नसता. पात्रतेसाठी प्रभागातील ठरावीक संख्येच्या मतदारांकडून बँक खात्यातून आलेली वर्गणी एवढीच अट ठेवावी. पक्ष असो वा अपक्ष, ती अट सर्वांना सारखी असावी.

तटस्थ

आणि ती यादी तपासणारी यंत्रणा निवडून आलेल्या पालिकेच्या अखत्यारीत नसावी. हे कायद्यात आधीच लिहिले गेले, तर या प्रयोगाला माझा पाठिंबा राहील.

अभंगवाट

ते काम राज्य निवडणूक आयोगाकडे जाऊ शकते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका आजही तोच घेतो आणि उमेदवारांचे खर्चाचे हिशेबही त्याच्याच नियमांनुसार सादर होतात. देणगीदारांची यादी त्याच हिशेबासोबत, पण प्रसिद्ध न करता, मागवता येईल. म्हणजे निशिगंधा यांनी सांगितलेली पावतीवरच्या नावाची भीतीही बरीच कमी होईल.